अर्ध्या मिनिटात मोजलं तर सुटलो, पाच मिनिटांनी मोजलं तर अडकलो: मांसाच्या पॅकिंगची फिल्म आणि पेटंटची नोटीस

तिसरा_थर
नमस्कार. फिल्म, प्लॅस्टिक, पेटंट यातलं कळणारे दोघे-तिघे तरी इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय. एरवी मी वाचनमात्र.

मी एका फिल्मच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. ट्रेमध्ये कापलेलं ताजं मांस ठेवतात आणि वरून एक पारदर्शक, ताणली जाणारी फिल्म ओढून बसवतात, ती आम्ही बनवतो. तीन थरांची. माल बराचसा युरोपात जातो. गेल्या आठवड्यात तिकडच्या एका स्पर्धक कंपनीची नोटीस आली: तुमची फिल्म आमच्या पेटंटच्या पहिल्या क्लेममध्ये (म्हणजे ज्या शब्दांत त्यांनी हक्क सांगितलाय त्यात) बसते, विक्री थांबवा आणि आजवरच्या विक्रीचा हिशोब द्या. पेटंट मंजूर होऊन सात महिने झालेत.

क्लेम साधारण असा: मांसाच्या पॅकिंगसाठी किमान तीन थरांची पॉलिओलेफिन (पॉलिएथिलीनच्या जातीचं प्लॅस्टिक) फिल्म, १०० टक्के ताणून सोडल्यावर जिची रिकव्हरी, म्हणजे वाढलेल्या लांबीतली परत येणारी लांबी, किमान ७० टक्के असते. रेझिनचंही (कच्च्या प्लॅस्टिकचंही) वर्णन आहे आणि ते आमच्याशी जुळतं. (आमच्या मधल्या थरात [संपादित] आहे.) म्हणजे भांडण उरलं त्या ७०चं.

आता पंचाईत ऐका. काल मी स्वतः पट्ट्या कापल्या. पट्टीवर पेनाने ५० मिमी अंतरावर दोन खुणा केल्या, खुणांमधलं अंतर १०० मिमी होईपर्यंत मशीनवर ताणली, सोडली. अर्ध्या मिनिटाने मोजलं तर ६६ मिमी. म्हणजे वाढलेल्या ५०पैकी ३४ परत आले, ६८ टक्के. तेवढ्यात फोन आला. तो आटपून पाचेक मिनिटांनी तीच पट्टी सहज पुन्हा मोजली, तर ६३.५ मिमी. ७३ टक्के!

सोडल्यावर किती वेळ थांबून मोजायचं हे पेटंटात कुठेच नाही. सगळं वर्णन तीनदा वाचलं. मग आम्ही उल्लंघन करतोय की नाही?

संपादक
मूळ लेखातलं रेझिनच्या ग्रेडचं नाव एका सदस्याच्या विनंतीवरून काढलं आहे.

बारीक_अक्षर
विनंती माझीच होती. धागाकर्ते, रागावू नका, पण नोटीस हातात असताना आपल्या मालात काय आहे हे चारचौघांत लिहायचं नसतं. आकडे लिहिलेत तेही नको होते. पुढच्या प्रतिसादांत कंपनी, ग्रेड, गिऱ्हाईक, काहीही नको. सविस्तर रात्री लिहितो.

शंकासुर
मांसावर टाकायच्या प्लॅस्टिकच्या कागदाला पेटंट? उद्या दोऱ्याच्या गाठीला घेतील.

डबल_बबल
शंकासुर, गाठीला घेतलेलंही असेल, शोधून बघा.

या कागदाचा इतिहास मोठा आहे. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये आँरी द प्वा यांनी रबराच्या लॅटेक्सची पिशवी वापरायचं तंत्र काढलं. पिशवी ताणायची, आत अन्न भरायचं, हवा ओढून घ्यायची, की पिशवी स्वतःच अंगाला चिकटून बसते. अमेरिकेतल्या ड्यूई अँड आल्मी कंपनीने ते उचललं. पुढे रबराच्या जागी सॅरान आलं. सॅरान म्हणजे पीव्हीडीसी, १९३३ साली डाऊच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली काचेची भांडी धूत होते आणि एका भांड्याचा थर काही केल्या निघेना, तो हा पदार्थ. १९५४ साली ड्यूई अँड आल्मी ग्रेस कंपनीकडे गेली आणि क्रायोव्हॅक या तिच्या पॅकिंगच्या ब्रँडचा पसारा वाढला. १९७३ सालचं ग्रेसचं पेटंट (अमेरिकन क्रमांक ३७४१२५३) आमच्या पिढीने पाठ केलेलं: एक ईव्हीएचा (हेही एक लवचीक प्लॅस्टिक) थर किरणांचा मारा करून आतून जाळीदार केलेला, त्यावर सॅरान, त्यावर पुन्हा ईव्हीए. हवा रोखायचं काम सॅरानचं, ताकद ईव्हीएची. मोठ्या तुकड्यांच्या पिशव्यांचा धंदा या एका सँडविचवर उभा राहिला.

मी उमेदीची वर्षं अशाच पिशव्यांच्या लाइनवर काढली. आधी जाड नळी काढायची, थंड करायची, मग गरम करून तिच्यात हवा भरून फुगवायची आणि त्याच अवस्थेत गार करायची. ताणलेल्या साखळ्या तशाच गोठतात. पिशवीत मांस भरून, हवा काढून गरम पाण्यात क्षणभर बुडवली की त्या साखळ्या सुटतात आणि पिशवी कातडीसारखी बसते. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास "परत दाखवा" म्हणतो.

ट्रे_नंबर_७
डबल_बबल, माहिती झकास, पण धागाकर्त्यांचा माल तो नाही. तुम्ही सांगताय ती श्रिंक बॅग, त्यांची स्ट्रेच फिल्म. मी पॅकिंगच्या बाजूला आहे, दोन्ही रोज हाताळतो.

श्रिंक बॅगेत हवा अजिबात नको. आत मांस जांभळट दिसतं, कारण मायोग्लोबिनला (मांसाला रंग देणाऱ्या प्रथिनाला) ऑक्सिजन मिळत नाही. पिशवी फोडली की थोड्या वेळात लाल होतं. ट्रेवरच्या फिल्मचं नेमकं उलटं. तिच्यातून ऑक्सिजन आत गेलाच पाहिजे, नाहीतर मांस लाल राहत नाही आणि तपकिरी पडलेला ट्रे कोणी उचलत नाही. म्हणून तिथे सॅरान चालत नाही. पूर्वी सगळीकडे पीव्हीसीची फिल्म असायची, आता पॉलिओलेफिनची बरीच दिसते.

आणि रिकव्हरी म्हणजे काय ते आम्हाला विचारा. गिऱ्हाईक ट्रेवर बोट दाबून बघतं. दहा जण दाबतात. चांगल्या फिल्मवर बोट काढलं की खळगा भरून येतो. वाईट फिल्मवर दहा खळगे तसेच राहतात, संध्याकाळपर्यंत ट्रे चावल्यासारखा दिसतो. वर फिल्म सैल पडली की कोपऱ्यातून रस गळतो, खालचा ट्रे चिकट होतो आणि अख्खा ढीग बाजूला काढावा लागतो. तुमचा ६८ की ७३ मला माहीत नाही. पण बोट काढल्यावर पाच मिनिटं थांबून खळगा बघणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

तिसरा_थर
डबल_बबल, वाचायला मजा आली. ट्रे_नंबर_७, बरोबर, आमची स्ट्रेचच. तुमचं शेवटचं वाक्य कापून टेबलावर लावणार आहे.

आगंतुक
भाबडा प्रश्न. क्लेममध्ये तीन थर आहेत ना? पाच थर करा, सुटलात.

बारीक_अक्षर
आगंतुक, क्लेममध्ये "किमान तीन" आहे. पाच केले, सात केले तरी आतच. थर मोजून सुटका होते ती वेगळ्या शब्दांनी. पेटंटच्या इंग्रजीत दोन ठरलेले शब्दप्रयोग आहेत. एकाचा अर्थ "हे हे त्यात आहे, आणखीही काही असू शकतं", दुसऱ्याचा "एवढंच, बाहेरचं काही नाही". दुसरा दरवाजा बंद करणारा. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किटपुढे (पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) स्ट्रेच फिल्मचाच खटला होता, मल्टिलेअर विरुद्ध बेरी प्लास्टिक्स. आतल्या थरांचं रेझिन ठरावीक यादीतलं, "एवढंच" या पद्धतीने लिहिलेलं. कोर्टाने यादी बंद धरली आणि यादीबाहेरचं मिसळलेला थर क्लेममध्ये बसत नाही असं ठरवलं. एका शब्दाने पेटंटधारकाचे हात बांधले.

आता मुख्य मुद्दा. तुमचं दुखणं नवीन नाही. डाऊ विरुद्ध नोव्हा वाचा, फेडरल सर्किट, २०१५. माल पॉलिएथिलीन फिल्मचा, भांडण एका गुणांकाचं. फिल्म ताणत गेलं की शेवटी ती कडक होत जाते, त्या आलेखाचा उतार किमान १.३ हवा असं क्लेममध्ये. उतार आलेखावर कुठे आणि कसा काढायचा? चार पद्धती निघाल्या आणि त्यांची उत्तरं एकसारखी येत नव्हती. पेटंटात पद्धत सांगितलेली नाही. डाऊ आधी ज्युरीपुढे जिंकली होती, अपिलातही टिकली होती. पण मधे २०१४ साली सुप्रीम कोर्टाने नॉटिलस निकालात अस्पष्ट क्लेमची कसोटी कडक केली, आणि त्या कसोटीवर हे क्लेम अवैध ठरले.

गंमत बघा, त्याच दोन कंपन्या, तसंच फिल्मचं पॉलिएथिलीन, पण कॅनडात पेटंट टिकलं. तिथे नोव्हाला नफा परत करावा लागला, सुमारे ६४.५ कोटी कॅनेडियन डॉलर, आणि २०२२ साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तो हिशोब कायम केला. म्हणून "अमेरिकेत असं झालं" याच्या जिवावर निर्धास्त राहू नका.

शंकासुर
६४ कोटी! कागद नाही म्हणत आता. साहेब म्हणतो.

डबल_बबल
आकड्यांवरून आठवलं. शिकागोच्या कोर्टात १९९३ साली विस्केसने अमेरिकन नॅशनल कॅनवर दावा लावला. मांसाच्या श्रिंक फिल्मचाच, अतिकमी घनतेच्या पॉलिएथिलीनवरून. १९९६ साली ज्युरीने दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली, आणि आमच्या लाइनवर महिनाभर तोच विषय. क्लेममध्ये घनता "०.९१ पेक्षा कमी". मग वाद असा की ०.९१ म्हणजे ०.९१० की गोल करून ०.९१४ पर्यंतचं सगळं? २००१ साली वरच्या कोर्टाने ०.९१० धरलं.

ज्याने घनता मोजलेली नाही त्याला हा पोरखेळ वाटेल. आमच्याकडे काचेची उंच नळी असायची, तळाशी जड द्रव, वर जाताना हळूहळू हलका. त्यात ठरावीक घनतेचे रंगीत काचेचे मणी आपापल्या उंचीवर तरंगत. फिल्मचा नखाएवढा तुकडा सोडायचा. तो बुडबुडे टाकत खाली जाई आणि दोन मण्यांच्या मधे कुठेतरी स्थिर होई. ०.९१० आणि ०.९१४ यांच्यात हाताच्या रुंदीएवढं अंतर पडायचं. डोळ्यांना ढळढळीत दिसतं, आणि कागदावर दोन्ही ०.९१.

तिसरा_थर
म्हणजे आमचा ०.९१ हा "किती वेळाने" आहे. वकिलांना हेच सांगू ना, की मोजायची पद्धतच नाही, पेटंट अस्पष्ट, रद्द करा?

बारीक_अक्षर
थांबा. युरोपात हे इतकं सरळ नाही.

पेटंट मंजूर झाल्यापासून नऊ महिन्यांत कोणीही युरोपियन पेटंट ऑफिसात विरोध दाखल करू शकतो. तुमचे सात गेले, दोन उरले. चुकलात तर देशोदेशीच्या कोर्टात किंवा जून २०२३ पासून सुरू झालेल्या एकत्रित पेटंट कोर्टात जावं लागेल, आणि तो खर्च वेगळ्या पातळीचा असतो. म्हणून नोटिशीला उत्तर काय द्यायचं यापेक्षा विरोधाची तारीख आधी भिंतीवर लिहा.

पण विरोधाची कारणं ठरलेली आहेत. नवेपणा नाही किंवा शोधाची पायरी नाही; वर्णन वाचून जाणकाराला ते करता येत नाही; किंवा मूळ अर्जात नव्हतं ते नंतर घुसवलं. "क्लेम अस्पष्ट आहे" हे मंजूर झालेल्या क्लेमविरुद्ध कारणच नाही. ते काम मंजुरीआधी परीक्षकाचं होतं. तुमचा अर्ध्या मिनिटाचा मुद्दा "करताच येत नाही" या कप्प्यात कोंबावा लागेल, आणि समोरचा म्हणेल की फिल्म तर आम्ही करून दाखवली, मोजण्यात थोडा फरक पडतो एवढंच. अशा मुद्द्यावर पेटंट पडेलच असं धरू नका.

म्हणून दोन गृहपाठ. एक, त्या पेटंटची फाइल उघडा. युरोपियन रजिस्टरवर ती फुकट दिसते. परीक्षकाने काय आक्षेप घेतला आणि कंपनीने काय उत्तर दिलं ते शब्दशः वाचा. दोन, तुम्ही ही फिल्म कधीपासून विकता? त्यांच्या अर्जाच्या तारखेआधीपासून?

आगंतुक
आणि रिकव्हरी ६० वर आणली तर? मधल्या थरात थोडी फेरफार.

ट्रे_नंबर_७
मग तुमचा रोल आम्ही परत पाठवू.

तिसरा_थर
तीन रात्री फाइल वाचली. काय सापडलं ते ऐका (गुपित नाही, फाइल उघडीच आहे).

परीक्षकाने एक जुनं पेटंट पुढे केलं आणि म्हटलं, या फिल्मचीही रिकव्हरी ७०च्या वर आहे, मग तुमचं नवीन काय? कंपनीचं उत्तर दोन पानी. सार असं: त्या जुन्या फिल्मची रिकव्हरी काही मिनिटांनी मोजलेली आहे, ती सावकाश परत येते, आमची फिल्म ताण सोडताच परत येते, बोटाचा खळगा तत्काळ नाहीसा होतो, आणि शोधाचं सार यातच आहे.

आणि नोटिशीसोबत त्यांनी जोडलेला आमच्या मालाचा चाचणी अहवाल आज नीट पाहिला. शेवटच्या पानावर, तळटिपेत: "ताण सोडल्यानंतर ३०० सेकंदांनी मोजमाप."

शंकासुर
अरारारा.

बारीक_अक्षर
छान. पण नाचू नका. अमेरिकेत हा दोर गळ्याला घट्ट बसतो: मंजुरी मिळवताना क्लेम आकसला किंवा जे सोडलं, ते नंतर "तसंच आहे" म्हणून परत मागायला फारशी जागा उरत नाही. २००२ सालच्या फेस्टो निकालापासून ते पक्कं आहे. युरोपात देशागणिक फरक आहे, काही कोर्टं फाइलकडे फारसं बघतच नाहीत. तरी स्वतःच्या सहीचं असं उत्तर समोर ठेवलं की माणूस अडखळतोच.

दुसऱ्या गृहपाठाचं काय?

तिसरा_थर
मार्केटिंगकडून आमचं एक जुनं माहितीपत्रक मिळालं आणि पोटात गोळा आला. त्यावर मोठ्या अक्षरात: "बोट काढा, खळगा गायब!" हे त्यांच्या हाती लागलं तर संपलंच ना? आम्हीच कबूल केल्यासारखं. खरं तर आमचा खळगा लगेच बुजतो पण पूर्ण बुजत नाही, बारीकशी बशी राहते.

बारीक_अक्षर
पत्रक कोणत्या सालचं? त्यांच्या अर्जाच्या आधीचं की नंतरचं?

तिसरा_थर
कोपऱ्यात छपाईचा महिना-साल आहे. त्यांच्या अर्जाच्या चार वर्षं आधीचं.

बारीक_अक्षर
मग पोटातला गोळा त्यांच्याकडे पाठवा.

जी वस्तू नंतर आली तर उल्लंघन करते, तीच आधी आलेली असेल तर पेटंटचा नवेपणा घालवते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे १८८९ सालीच म्हटलंय. इंग्लंडमध्ये १९१३ पासून जिलेटच्या ब्लेडच्या खटल्यावरून या बचावाला नाव पडलंय. म्हणजे तुम्ही म्हणायचं: मोजा हवं तसं. अर्ध्या मिनिटाने मोजलं तर ६८, आम्ही बाहेर. पाच मिनिटांनी मोजलं तर ७३, पण मग चार वर्षं आधी विकलेली हीच फिल्मही ७३, आणि तुमच्या क्लेममध्ये नवीन काही उरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"तुमच्या फिल्मची आतली रचना बाहेरच्याला कळलीच नसती" असं ते म्हणतील. त्यावर ताजा निर्णय आहे. युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित मंडळाने २ जुलै २०२५ रोजी जी १/२३ या प्रकरणात सांगितलं की अर्जाआधी बाजारात आलेली वस्तू, तिची रचना उलगडून तशीच पुन्हा बनवता येत नव्हती एवढ्याच कारणाने पूर्वज्ञानातून (अर्जाआधीच लोकांपुढे असलेल्या माहितीतून) वगळता येणार नाही. तो वादही पॉलिओलेफिनच्या एका विक्रीतल्या ग्रेडवरूनच होता, सौर पॅनेलच्या आवरणाचा.

पण खरी मेहनत इथे आहे. विरोध करणारा स्वतःच्याच विक्रीचा पुरावा देतो तेव्हा ऑफिस फार काटेकोर असतं, कारण सगळे कागद त्याच्याच कपाटात असतात. काय विकलं, कधी, कोणाला, आणि ते नेमकं हेच होतं का? साखळीतली एक कडी निसटली की सगळं गेलं. पत्रक एकटं पुरणार नाही. बिलं हवीत, माल पोचल्याची पावती हवी, त्या लॉटची रेसिपी हवी, आणि त्या वेळी कोणी मोजलं असेल तर ते.

डबल_बबल
जुना नमुना रोल असेल तर जपून. फिल्म पडून राहिली की बदलते. गुंडाळीतला ताण ढिला पडतो, मिसळलेले घटक पृष्ठभागावर येतात. आज मोजलेला आकडा त्या दिवशीचा म्हणून चालणार नाही.

तिसरा_थर
नमुना रोल होता, पण डबल_बबल म्हणतात तेच: एक पट्टी कापली, आकडा भलताच आला. रोल पुन्हा गुंडाळून ठेवला.

मग स्टोअरच्या मागच्या खोलीत रजिस्टरं शोधली. दीड दिवस. त्या वर्षाचं सापडलं, पाठीला सेलोटेप लावलेलं. आमच्या निवृत्त झालेल्या काकांचं अक्षर. रकाने त्यांनी पट्टीने स्वतः आखलेले: तारीख, लॉट, जाडी, ताण, आणि शेवटचा "परत येणे (३० से.)". खाली आकडे: ६६, ६५.५, ६६, ६६.५. मिलिमीटर! आजच्या फिल्मचे तेच. रेसिपी कार्डही मिळालं, मधल्या थरात तेव्हापासून बदल नाही. लॉट क्रमांक बिलाशी जुळतो.

बारीक_अक्षर
रजिस्टरचा फोटो इथे टाकू नका. मूळ वही वकिलाकडे, पोच घेऊन. आणि त्या काकांना विचारा, साक्ष द्यायला येतील का. ३० सेकंदच का, हे त्यांना नक्की विचारलं जाईल. कोणत्या मानकावरून घेतलं, कोणाच्या सूचनेवरून, सगळं.

तिसरा_थर
आत्ताच फोन केला. येतो म्हणाले. ३० सेकंद का, तर मानक-बिनक काही नाही. पुढची पट्टी कापायला तेवढाच वेळ लागायचा.